कुणी बोंब मारली नाही

बुटाची लेस बांधायला मी वाकलो होतो आणि बायको ओट्यापाशी उभी राहून आदल्या दिवशीच्या फोनबद्दल सांगत होती. महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं ती एकाच सुरात सांगते, त्यामुळे मी निम्मं ऐकतो आणि उरलेल्या निम्म्याला हं म्हणतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा गळका नळ झाला, भाचीची नोकरी झाली, मग ती म्हणाली, "ताई खूश आहेत हं. यंदा चिठ्ठी आलीच नाही त्यांना. म्हणाल्या, सहा वर्षं झाली, सुटले बाई एकदाची, दवाखान्यानंच माझं नाव काढून टाकलं." मी हं म्हणालो. लेसचा एक फास बोटात तसाच राहिला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सहा वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली, मी नोकरी करतो त्याच रुग्णालयात. तेव्हापासून दर वर्षी एक छापील चिठ्ठी तिच्या घरी यायची : अमुक तारखेला तपासणीसाठी यावे, सोबत जुने कागद आणावेत. ती चिठ्ठी आली की ताई दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही, मग जायची, तपासून यायची आणि पुढचं वर्ष मोकळी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दहा वर्षं लक्ष ठेवायचं. दहा. सहा नव्हे. "उशीर होतोय ना?" बायको म्हणाली. मी फास घट्ट ओढला आणि निघालो.

मला तिथेच, लेस बांधताना सगळं कळलं, असं मी म्हणणार नाही. कळू नये म्हणून मनाची जी धडपड चालते ती मला चांगली ठाऊक आहे. त्या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. रस्त्यानं जाताना मी स्वतःला समजावत होतो की टपाल हरवतं, पत्ता चुकतो, ताईच्या इमारतीतल्या पत्रपेट्यांची दारं तशीही मोडकी आहेत. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाची फळी उघडत होती. पाववाल्याच्या गाडीतून क्रेट उतरत होते आणि एक बाई कुत्र्याला रागावत होती. सगळं रोजचंच होतं. पण मी रस्ता ओलांडताना दोनदा थांबलो, गाडी नसताना. मी मुळातच भित्रा माणूस. आमच्या खात्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा त्यांना उपयोगच होतो, कारण भित्रा माणूस दोनदा मोजतो.

मोजणं हेच माझं काम. रुग्णालयात साडेतीन हजारांवर संगणक आहेत. शिवाय छपाईयंत्रं, संगणकाचे पडदे आणि त्या संगणकांवर चालणारे शेकडो प्रोग्राम, ज्यांचे परवाने दर वर्षी विकत घ्यावे लागतात. प्रत्येक यंत्राला नंबराचं स्टिकर लावायचं, ते कुठे आहे, कोण वापरतं, वापरतं की नाही, हे नोंदीत ठेवायचं, आणि जे वापरात नाही ते काढून घ्यायचं. परिचारिका मला स्टिकरकाका म्हणतात. नव्वद दिवस ज्यानं एखादा प्रोग्राम उघडला नाही त्याचा परवाना मी काढतो आणि ज्याला हवा त्याला देतो. एकदा हाडांच्या एका मोठ्या डॉक्टरांचा असाच एक महागडा परवाना काढला तर ते तावातावानं खाली आले, आणि मी त्यांना दाखवलं की तो त्यांनी चार वर्षांत एकदाच उघडला होता, तोही चुकून. ते हसले आणि निघून गेले. त्या वर्षी आमच्या खात्यानं जे वाचवलं त्यातून मुलांच्या वॉर्डात हृदयाचे ठोके दाखवणारे आठ नवे पडदे बसले. मी मुद्दाम वर जाऊन ते पाहून आलो होतो. एका खाटेवर पायाला प्लास्टर घातलेली एवढीशी पोर आपल्याच हृदयाची हिरवी रेघ टक लावून बघत होती. मला फार बरं वाटलं होतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आता या कामात एक रीत आहे आणि ती मी शोधलेली नाही, जगभर जिथे जिथे संगणक मोजले जातात तिथे ती चालते. कोपऱ्यात एखादं जुनं यंत्र घरघरत असतं. ते कुणाचं, कशासाठी, कुणालाच माहीत नसतं. विचारलं तर सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. मग त्याची वायर काढायची आणि थांबायचं. कुणाचं काही अडलं तर तो बोंब मारत येतो. आला की यंत्र परत जोडून द्यायचं, माफी मागायची आणि नोंदीत मालकाचं नाव घालायचं. तीस दिवसांत कुणी आलं नाही तर यंत्र निकामी. आमच्याकडे याला बोंब-चाचणी म्हणतात, अगदी बैठकीत, गंभीर चेहऱ्यानं. "याची बोंब झाली का?" "नाही साहेब, अजून बारा दिवस आहेत." नवीन आलेल्यांना हसू येतं, मग सवय होते. गेल्या वर्षी मी दोनशे चौदा यंत्रांच्या वायरी काढल्या. अकरांची बोंब आली. उरलेली दोनशे तीन तीस दिवस तळघरातल्या मांडणीवर थांबली, मग एका बंद ट्रकमधून गेली. त्यांच्या आतल्या, माहिती साठवणाऱ्या तबकड्यांचा भुगा झाल्याचा दाखला आला आणि त्यावर मी सही केली. त्या दोनशे तिनांमध्ये चारशे सतरा नंबरचं यंत्र होतं.

खरं सांगायचं तर बायकोच्या तोंडून चिठ्ठी हा शब्द निघाला तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर आकडा आला होता. चारशे सतरा. त्याला दोन मिनिटं मी ओळखच दिली नाही, रस्त्यात नको असलेला माणूस दिसावा आणि आपण दुकानाच्या काचेत बघत राहावं तसं. हे यंत्र जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या अरुंद खोलीत होतं. तिथे पूर्वी रेकॉर्डची कपाटं असायची, आणि रुग्णांच्या कागदांशी काही नातं असू शकेल असं मी काढलेलं यंत्र ते एकच. काळं, जाड, वर धुळीचा थर, आणि पंख्याचा आवाज धाप लागलेल्या माणसासारखा. वापराच्या अहवालात त्याच्यापुढे शून्य : चार वर्षांत एकाही माणसानं त्यावर आपलं नाव घालून काम केलेलं नाही. आणि त्याच्या पुढच्या बाजूला, चिकटपट्टीनं लावलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर शाळेतल्या फळ्यावर असतं तसल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं : 'हे यंत्र बंद करू नये. विचारल्याशिवाय तर नाहीच.' कुणाला विचारल्याशिवाय, ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं होतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण माझ्याजवळ दुसरं काही नाही. मी रेकॉर्ड विभागाला विचारलं, ते म्हणाले आमचं सगळं नव्या इमारतीत गेलं. संगणकांच्या तारांचं जाळं बघणाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले असली भुतं अजून जिवंत आहेत? औषधभांडाराला विचारलं, ते म्हणाले रेकॉर्डला विचारा. मग मी तो पुठ्ठा नखानं सोडवला, खिशात टाकला आणि वायर काढली. पंखा थांबला. खोली एकदम एवढी शांत झाली की मी दारात थोडा वेळ उभा राहिलो. त्या वेळीही मला भीती वाटली होती. पण मला सगळ्याचीच वाटते, मग कुठली खरी मानायची?

कचेरीत पोचल्यावर मी पहिल्यांदा टेबल उचललं. माझं टेबल एका पायानं डुगडुगायचं आणि गेले आठ महिने त्या पायाखाली तो पुठ्ठा घडी घालून ठेवला होता. मी काही टाकून देत नाही, हा भित्रेपणाचाच एक प्रकार असणार. पुठ्ठा दबून मऊ झाला होता, पण अक्षर शाबूत होतं. मग नोंद उघडली. चारशे सतरा, वायर काढल्याची तारीख, तीस दिवस पूर्ण, बोंब : नाही. पुढे माझी आद्याक्षरं. वायर काढली त्याला आठ महिने झाले. ताईची चिठ्ठी यायची वेळ तीन महिन्यांपूर्वी होऊन गेली. मी हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि कागद उलटा केला, शेजारच्या टेबलावरून कुणी बघेल म्हणून. कुणी बघत नव्हतं. टेबल आता डुगडुगत होतं आणि मी हात टेकला की कपातला चहा हलायचा.

ते अक्षर कुणाचं असेल ते मला आधी सुचलं नव्हतं, आणि आता पाच मिनिटांत सुचलं, याचीच मला जास्त लाज वाटली. रेकॉर्डच्या थोरल्या बाई. तीस वर्षं त्या विभागात होत्या आणि प्रत्येक कपाटावर असल्याच सूचना लावायच्या : 'दार ओढू नये, ढकलावे.' वायर काढायच्या आदल्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीवेतनवाल्यांकडून नंबर घेऊन मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि फोन लावला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. "स्टिकरकाका का? बोला, बोला. आमची आठवण कशी झाली?" मी म्हणालो, जिन्याखालच्या खोलीत एक यंत्र होतं, त्यावर तुमच्या अक्षरातला पुठ्ठा होता, ते नेमकं काय करायचं. "आहे की. पत्रं काढतं ते," बाई म्हणाल्या, 'आहे' म्हणाल्या, 'होतं' नाही. "ज्यांची ऑपरेशनं झाली, मोठी दुखणी झाली, त्यांची वर्षाची तपासणी कधी आली ते बघतं आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी करून बाहेरच्या छापखान्याला पाठवतं. आपलं आपणच. मी कधी बोटसुद्धा लावलं नाही त्याला, एक मुलगा बसवून गेला होता पूर्वी, तोही परदेशी गेला. छापखानेवाले आलेलं छापतात आणि टाकतात टपालात." किती असतील, मी विचारलं. "महिन्याला तीनशे तरी. का हो, बिघडलंय का काही?" मी म्हणालो, "नाही, नाही. सहज विचारलं." "बंद नका हो करू देऊ कुणाला. मी लिहून ठेवलंय त्यावर." मी हो म्हणालो.

तीनशे गुणिले आठ. माझ्यासारख्याला यासाठी कागद लागत नाही. चोवीसशे माणसं, ज्यांना बोलावणं गेलं नाही, आणि न गेलेलं बोलावणं दिसत नाही. छापखान्याला काही आलं नाही, त्यांनी काही छापलं नाही. टपालवाल्यानं काही टाकलं नाही. ज्याला चिठ्ठी आली नाही तो कशाला येईल विचारायला? तो आपला सुखात, सुटलो म्हणून. आमची सगळी चाचणी या एका भरवशावर उभी की ज्याचं अडेल तो ओरडेल, आणि इथे ज्याचं अडणार त्यालाच ते ठाऊक नव्हतं. मला आठवलं, दोन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर, फेरतपासणीच्या विभागात मी एक पडदा बदलायला गेलो होतो. बाकं रिकामी होती. तिथल्या थोरल्या परिचारिका पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आजकाल जरा निवांत आहे हो, स्टिकरकाका. पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची." दारावर तक्ता लावला होता, रुग्णांना थांबावं लागणारा वेळ निम्म्यावर आल्याचा, खाली संचालकांचं अभिनंदन. मला तेव्हा ते वाचून बरं वाटलं होतं. लोक बरे होतायत, असंच काहीतरी मी मनात म्हणालो होतो.

तळघरात जायचं मला कारण नव्हतं, तरी मी गेलो. चारशे सतरा तिथे नाही हे मला माहीत होतं, त्याचा भुगा होऊन सात महिने झाले होते. पण चुकून राहिलं असेल, एखादा दाखला खोटा असेल, असं माणसाला वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आपली नोंद चुकलेली निघावी म्हणून देवाची करुणा भाकत मांडणी चाचपली. नोंद बरोबर होती. मांडणीवर दुसरी सतरा यंत्रं वायरी गुंडाळून बसली होती आणि प्रत्येकावर उरलेल्या दिवसांचा कागद होता. मी तिथेच एका खोक्यावर बसलो. तळघराचा वास सगळीकडे सारखाच असतो, ओल्या पुठ्ठ्याचा आणि गंजाचा. आम्ही लहान असताना राहायचो त्या इमारतीखालीही असंच एक तळघर होतं आणि रॉकेल तिथे ठेवलेलं असायचं. आई कामाला गेलेली असली की घर ताईकडे. ती मला डबा देऊन खाली पाठवायची आणि स्वतः वर जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची. "काही झालं तर ओरड, छोट्या. ओरडला नाहीस तर मी समजेन, सगळं ठीक आहे." मी सहा वर्षांचा असेन. एकदा खाली गेलो आणि मागे दाराचा अडसर आपोआप पडला. अंधार. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. हे मी कुणाला नीट समजावू शकलेलो नाही. आवाज होता, तो कुठे आहे तेही मला कळत होतं, इथे गळ्याखाली, पण तो वर येत नव्हता. मी डबा धरून बसून राहिलो. वरती ताई, काही ऐकू येत नाही म्हणजे ठीक आहे असं समजून भाजी चिरायला लागली. दीड तासानं ती खाली आली, दार उघडलं, मला एक सणसणीत चापट मारली आणि मग इतकं घट्ट धरलं की श्वास कोंडला. "ओरडायचं ना, मेल्या," ती म्हणत राहिली, "ओरडायचं ना." माझी चड्डी ओली झाली होती, ती तिनं आई यायच्या आत धुऊन वाळत टाकली आणि आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे साऱ्या खात्यात मी एकटाच असा माणूस, ज्याला पक्कं ठाऊक होतं की आवाज आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नसतो. आणि रकान्यात 'नाही' लिहून त्यापुढे आद्याक्षरं घालणारा माणूसही मीच.

साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आमचे साहेब वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बोलायला गोड, कुणावर आवाज न चढवणारे. मी आत जाऊन उभा राहिलो. वाक्य तयार करून गेलो होतो : साहेब, माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. तोंडातून निघालं ते असं : "साहेब, समजा एखादं यंत्र आपण काढलं आणि ते चुकून कामाचं निघालं तर?" त्यांनी मान वर केली. "बोंब आली का?" "नाही." "तीस दिवस झाले होते?" "हो." "मग झालं तर. अहो, समजा हा रकाना आपल्या नोंदीत आहे का कुठे?" ते हसले आणि मीही हसलो, तेच मला फार लागलं, की मी हसलो. मग ते म्हणाले, "तुम्ही थकलेले दिसताय. पुढच्या महिन्यात संचालकांसमोर आपली यादी ठेवायची आहे, दोनशे तीन यंत्रं, नाव तुमचंच पुढे करणार आहे मी. घरी सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "बहिणीला जरा बरं नाहीसं वाटतंय." हे मी का म्हणालो, देव जाणे; ताईला तर बरंच वाटत होतं. "मग जा ना आज लवकर. तपासणी वगैरे हवी असेल तर सांगा, मी वर शब्द टाकतो, रांगेत उभं राहावं लागणार नाही." मी आभार मानले. बाहेर आलो तेव्हा गळ्याखाली तोच आवाज होता, सहा वर्षांच्या पोराचा. पुढे येऊन अडकलेला आणि वर न येणारा.

साहेबांना कळलंही नसेल त्यांनी मला काय देऊ केलं ते. ताईच्या घरापर्यंतच्या वाटेवर मी ते सगळ्या बाजूंनी हाताळून पाहिलं. ताईला आज-उद्या तपासून घ्यायचं, शब्द टाकून, रांगेशिवाय. तिला काय, काहीतरी सांगता येईल. चारशे सतरा काय करायचं हे ठाऊक असलेलं माणूस एकच, आणि त्या बाई कुकरच्या शिट्ट्या मोजत घरी सुखात आहेत. दाखल्यावर सही आहे, रीत पाळलेली आहे, तीस दिवस मोजलेले आहेत. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. कुणी कधी शोधलंच, तर कुणाच्या तरी चुकीनं एक जुनी व्यवस्था बंद पडली, इतकंच निघेल. हे सगळं इतकं सरळ होतं की मला माझीच भीती वाटायला लागली. बसमध्ये समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गुडघ्यावर औषधाची पिशवी, आणि पिशवीवर आमच्या रुग्णालयाची खूण. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. मग मागे बसलेल्या बाईकडेही बघायचं टाळलं. चोवीसशे माणसं एका शहरात म्हणजे फार असतात, ती कुठेही बसलेली असू शकतात. उतरायच्या आधी त्या गृहस्थांनी मला विचारलं, पुढचा थांबा कुठला, आणि मी त्यांच्या पिशवीकडेच बघत थांब्याचं नाव सांगितलं.

ताई खिडकीत बसून स्वेटरची उसवलेली बाही शिवत होती. "तू? या वेळी? काढून टाकलं की काय नोकरीवरून?" असं म्हणत तिनं हातातलं खाली ठेवलं. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच असते आणि एकटेपणाचं तिनं कधी कौतुक केलेलं नाही. मी बसलो. तिनं पाणी दिलं. मी म्हणालो, "ताई, यंदाची तपासणी राहिली ना तुझी? उद्या जाऊ या. साहेब म्हणालेत, थांबावं लागणार नाही." "चिठ्ठी कुठे आलीय?" ती म्हणाली. "आली की जाईन. उगाच आपण होऊन कशाला सुया टोचून घ्यायच्या? त्यांना काय कळत नाही का? इतकी वर्षं न चुकता बोलावलं, आता नाही बोलावलं, म्हणजे गरज नाही." मग ती उठली, कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवली. पाच चिठ्ठ्या, तारखेनं लावलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात 'ठीक' असं लिहिलेलं. मी एकीवरून अंगठा फिरवला. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, हे पत्र संगणकाने तयार केले आहे, सहीची आवश्यकता नाही. कुठला संगणक, ते मला आता माहीत होतं. त्याचा तो धाप लागल्यासारखा आवाज माझ्या कानात यायला लागला.

"ताई," मी म्हणालो, "ती चिठ्ठी मी बंद केली." तिला कळलं नाही. तिला वाटलं मी तिच्यावर काही मेहेरबानी केली. मी खिशातला पुठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, यंत्र, वायर, तीस दिवस, बाई, साहेब. मी साहेबांसमोर हसलो तेही सांगितलं. ती पुठ्ठ्यावरची दोन वाक्यं वाचत राहिली, जणू तिथे अजून काही लिहिलेलं असेल. मला वाटलं आता चापट बसेल, आणि बसली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं उजवा हात डाव्या काखेच्या खाली नेला आणि तिथेच ठेवला. "दोन महिने झाले," ती म्हणाली. "आंघोळीला बसले होते, तेव्हा हाताला लागलं. वाटाण्याएवढं. चिठ्ठीला उशीर झालाय म्हणून वाट बघत होते, ती आली नाही. म्हटलं, काही असतं तर त्यांनीच बोलावलं असतं ना." मी विचारलं, मोठं झालंय का. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता हात लावत नाही मी." "सांगायचं नाही का कुणाला?" मी म्हणालो. "कशाला सांगायचं? सगळं ठीक होतं की." मग तिनं स्वेटरची सुई नीट खोचून ठेवली आणि वळून मला विचारलं, "आणि बाकीच्यांच्या? त्यांच्याही आल्या नसतील." मी मान हलवली. "किती जणांच्या?" मी आकडा सांगितला. तिनं तो हळूच, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला, आणि उठून चपला शोधायला लागली.

ती चपला घालेपर्यंत मी फोन काढला. साहेबांना लावला असता तर मी पुन्हा हसलो असतो, म्हणून मी आमच्याच तक्रार कक्षाला लावला, जिथे कुणीही लावू शकतं आणि जिथे लावलेला प्रत्येक फोन वेळेसकट ध्वनिमुद्रित होतो. पलीकडे एक तरुण मुलगी होती, ओळखीची नव्हती. "यंत्राचा नंबर सांगा." "चारशे सतरा." तिच्या बोटांचा आवाज आला. "सर, हा नंबर रद्द झालाय. रद्द यंत्रावर तक्रार घेताच येत नाही, स्क्रीन पुढे जात नाही." ते मला ठाऊक होतं. निरर्थक तक्रारी कमी व्हाव्यात म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तो रस्ता बंद करून घेतला होता. "मग कागद घे," मी म्हणालो. "वेळ लिही. चारशे सतराची बोंब आली म्हणून लिही." "कुणाकडून आली लिहू?" मी माझं पूर्ण नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. ती लिहिताना अडखळली, बहुधा नाव ओळखीचं वाटलं असावं. "सर, नेमकं काय अडलंय?" मी सांगायला लागलो. आठ महिने पत्रं गेली नाहीत. चोवीसशे माणसं आहेत. ती आपणहून येणार नाहीत, त्यांना शोधून काढावं लागेल, आज, आत्ता, फेरतपासणीच्या डॉक्टरांना खाली बोलवा, रेकॉर्ड उघडायला लावा. मला माझाच आवाज ऐकू येत होता, भिंतीवर आपटून परत येणारा, चिरका, आणि मला तो ओळखता येत नव्हता. ताई दारात उभी होती, चिठ्ठ्यांची पिशवी छातीशी धरून. "हळू, छोट्या," ती म्हणाली, "शेजारी ऐकतील." मी आवाज खाली आणला नाही.